थानेदारापुढं वाकायचं नाही

कुत्र्यांमध्ये वावरणाऱ्या माणसाच्या पँटीला केस चिकटतात आणि जिभेला किस्से. केस झटकले की जातात. किस्से जात नाहीत, उलट वाढतात! परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो. वाढप्यानं वरण वाढलं आणि शेजारच्या गृहस्थांनी माझ्या ताटाकडं बघत विचारलं, "सर, तो पातेल्यातल्या हाताचा किस्सा खरा हाये का?" मी म्हटलं, आधी जेवू द्या. तो किस्सा जेवताना सांगण्यासारखा नाही.

आत्ता तुमच्यापैकी कोणी जेवत नाही, असं धरून चालतो.

मी पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवायचो. रिटायर झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, नाही तर पोट कमी करायला सकाळी फिरतात. मी फिरायला निघालो आणि सौसर रोडवरच्या बंद जिनिंगपाशी अडकलो तो अडकलोच. त्या जिनिंगमध्ये पूर्वी कापसाच्या गाठी असायच्या, आता कुत्रे असतात. गाडीखाली आलेले, टाकून दिलेले, साहेबांची बदली झाल्यावर मागं राहिलेले. हे सगळं चालवते ती डॉक्टर पल्लवी. जनावरांची डॉक्टर आणि माझीच जुनी विद्यार्थिनी. तिच्या जोडीला कमलाबाई, जी कुत्र्यांचा स्वयंपाक करते आणि माणसांना चहा पाजते. आणि गजानन, ज्याच्या ऑटोत सवाऱ्याही बसतात आणि कुत्रेही, कधी कधी एकाच फेरीत! मी काय करतो? मी मार्क देतो. दुसरं येतंय काय मला?

मार्क कशाचे, तर स्वभावाचे. कुत्रा कोणाच्या घरी द्यायच्या आधी त्याची परीक्षा घ्यायची, असा डॉक्टरचा नियम आहे. खाताना ताटात हात घातला तर गुरगुरतो का, अनोळखी माणूस आला तर काय करतो, लहान पोर दिसलं तर काय करतो. पास झाला, तर घर मिळतं. नापास झाला, तर पुन्हा संधी. आणि तिसऱ्यांदाही नापास, तर तो जन्मभर आमच्याकडंच, मागच्या रांगेत. तिथं खायला मिळतं, औषध मिळतं, सगळं मिळतं. फक्त रस्ता दिसत नाही, भिंत दिसते.

डॉक्टर याला टेंपरामेंट टेस्ट म्हणते. कमलाबाई म्हणते, "पाह्याचा कार्यक्रम." "आज कोणाले दाखवायचं हाये, मॅडम?" असं विचारते आणि पोहे भिजवायला घेते.

*

तर तो हात.

खाणाऱ्या कुत्र्याच्या ताटात आपला हात घालायचा नसतो, खोटा घालायचा असतो. चावलाच, तर खोट्या हाताला चावतो. आम्ही रबरी हातमोज्यात कापूस ठासला (कापसाला आमच्याकडं काय तोटा!), तो संत्री तोडायच्या लांब बांबूला बांधला आणि झाला हात तयार.

पहिल्याच दिवशी चमत्कार झाला. कुत्र्यासमोर ताट ठेवलं, ताटात हात घातला, तर कुत्रा हाताला चाटायला लागला! दुसराही तसाच. भुऱ्या नावाचा एक महाखट कुत्रा होता, सावली पडली तरी गुरगुरायचा. त्यानं तर ताट सोडलं आणि हाताची पाचही बोटं डोळे मिटून चाटली. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी. "सर, अख्खी बॅच पास! मी उगाच भीत होते." मीही सगळ्यांना भरभरून मार्क दिले.

आनंदाची बातमी सांगायला आम्ही कमलाबाईकडं गेलो. कमलाबाई चुलीवरच्या मोठ्या पातेल्यासमोर उभी होती. भाताबरोबर कोंबडीचे पाय शिजत होते आणि वर आलेले पाय ती खाली ढकलत होती. त्या हातानं!

"कमलाबाई!" डॉक्टर ओरडली. "हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"भात हालवून राहिली. वाफ लागते ना मॅडम, माया हात भाजते."

"अहो, तो हात टेस्टचा आहे!"

कमलाबाईनं हात बाहेर काढला, झटकला आणि शांतपणे म्हणाली, "मंग देवाले सांगा. त्यानं मले एवढा लांब हात दिला असता, तं मी तुमचा कायले घेतला असता?"

सगळ्या बॅचची फेरपरीक्षा झाली. नवा, धुतलेला हात. भुऱ्यानं तो खांद्यापर्यंत खाल्ला.

*

अनोळखी माणसाची टेस्ट सोपी वाटते. एक अनोळखी माणूस आत येतो, कुत्र्याकडं बघत नाही, बोलत नाही, थोडा वेळ उभा राहून निघून जातो. नागपूर-भोपाळला सोपी असेलही. पांढुर्ण्यात अनोळखी माणूस आणायचा कुठून? कोपऱ्यावरच्या पानवाल्याला आणलं तर कुत्रा त्याच्या अंगावर उड्या मारतो, कारण लहानपणी त्याच्याच टपरीखाली झोपायचा.

शेवटी गजाननानं जबाबदारी घेतली. बसस्टँडवरून सवारी उचलायची आणि वाटेत विनंती करायची, "भाऊ, जराकसं अनोळखी होता का? भाडं नाही घेत."

एकदा त्यानं फार निवडून माणूस आणला. बैतूलकडचा, पहिल्यांदाच इकडं आलेला. टोपी, छत्री, सगळं. डॉक्टर खूश. माणूस अंगणात येऊन उभा राहिला. कुत्र्याचे कान ताठ. आम्ही श्वास रोखून बघतोय, तेवढ्यात कमलाबाई चहा घेऊन आली.

"बैतूलकडं कुठं राह्यता जी?"

त्या माणसानं डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टरनं बोलू नका म्हणून खूण केली. पण चहा देणाऱ्या बाईनं विचारलं आणि आपण गप्प राहिलो, हे आमच्या भागातल्या माणसाला जमत नाही. त्यानं गाव सांगितलं.

"बाप्पा! तिथं तं माया नणदेची पोरगी दिली हाये! मोहगावची. शेवंता."

"शेवंता? माया चुलतभावाची घरवाली!"

झालं. कमलाबाईनं त्याला बाजेवर बसवलं, पोहे दिले. शेवंताला दुसरी पोरगी झाली, पहिलीचे दात आले, इथपर्यंत बोलणं गेलं. कुत्र्यानं थोडा वेळ ऐकलं आणि तो पाहुण्याच्या पायाशी जाऊन झोपला.

"टेस्ट कॅन्सल!" डॉक्टर म्हणाली. "गजानन, हा अनोळखी राहिलाच नाही!"

गजानन म्हणाला, "मॅडम, माणूस आणून देणं माया काम. कमलाबाईपुढं तो अनोळखी राहीन, याची गॅरंटी मी घेत नाही!"

*

लहान पोराची टेस्ट आम्ही बाहुलीवर करायचो. खरं पोर कोण देणार! चालायला लागलेल्या लेकराएवढी बाहुली होती. कमलाबाईनं तिला झबलं शिवलं, नाव ठेवलं बबली आणि दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावली.

जिनिंगची रस्त्याकडची भिंत एका जागी पडलेली आहे. एक दिवस आम्ही बबलीला अंगणात बसवलं आणि समोर एक दांडगा कुत्रा सोडला. कुत्रा बिचारा हुंगत होता. तेवढ्यात रस्त्यावरून जामसांवलीला दर्शनाला निघालेली एक जीप कचकन थांबली.

"अवो, लेकरू! लेकराले कुत्र्यापुढं टाकलं वो!"

जीपमधून माणसं नुसती सांडली. मागून येणारी बस थांबली. बायका रडायला लागल्या. एका आजोबांनी चप्पल हातात घेतली. डॉक्टर ओरडून सांगतेय, "बाहुली आहे! बाहुली आहे!" पण ऐकतंय कोण? शेवटी लोकांना पटावं म्हणून डॉक्टर धावत गेली, बबलीचा एक पाय धरला आणि तिला उलटी टांगून सगळ्यांसमोर गदागदा हलवली.

एक बाई तिथंच मटकन खाली बसली. "पाहा बाप्पा, डॉक्टरीणच हाये अन कशी करून राहिली!"

कुत्र्याला त्या टेस्टमध्ये मी पैकीच्या पैकी दिले. त्या गर्दीत शांत असा तो एकटाच होता.

*

गिऱ्हाईक कसं असतं तेही ऐका. बोरगावकडचे एक संत्र्याचे बागायतदार आले. डॉक्टरनं आमचा सगळ्यात गुणी कुत्रा पुढं केला. त्यांनी त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, शेपटी पाहिली. मग मुद्द्याचं विचारलं, "चावते का?"

"छे! अजिबात नाही," डॉक्टर अभिमानानं म्हणाली. "सगळ्या टेस्ट पास आहे."

गृहस्थ उठले. "चावत नाही, तं मंग बगीच्यात काय पूजा करू त्याची?" जाता जाता थांबून म्हणाले, "नापास झालेले हायेत का कोणी? थे दाखवा ना!"

मराठी मुलुखात नापासाला मागणी असलेली ही एकच संस्था असावी! त्यांची नजर गेटपाशी उभ्या असलेल्या एका उंच, काळ्या-तांबड्या कुत्र्यावर पडली. "हा. हा द्या."

डॉक्टर म्हणाली, "नापास कुत्रा आम्ही देत नाही."

गृहस्थांनी माझ्याकडं बघून मान हलवली. "सर, तुमी काही बदलले नाही. मी तुमच्याच वर्गात होतो. तुमी तवाबी पास झालेल्यायलेच इचारत होते!"

मी हसलो, पण डॉक्टर हसली नाही. त्याचं कारण तो कुत्रा होता. त्याचं नाव थानेदार.

*

थानेदार मोहगावकडच्या एका बागेत सापडला. संत्र्याचा तोडा झाला, राखणदार आपल्या गावी गेला आणि कुत्रा तसाच तारेनं झाडाला बांधलेला राहिला. गळ्याला तार रुतली होती. शेजारच्या बागेतल्या बायकांनी ओरड केली म्हणून गजानन जाऊन घेऊन आला. तो राखणदार मी कधी पाहिला नाही, पण त्याचा मला अजून राग येतो. पुन्हा बागेत, पुन्हा बांधून, हे थानेदाराच्या नशिबी नको, एवढंच डॉक्टरचं म्हणणं. आणि माझंही.

बरा झाल्यावर त्यानं स्वतःहून गेटवर ड्यूटी सुरू केली. येणाऱ्याची पिशवी हुंगायची, चप्पल हुंगायची, मग बाजूला व्हायचं. म्हणून थानेदार. खाताना हात घाला, काही नाही. बबली पुढ्यात ठेवा, काही नाही. एकच भानगड होती. त्याच्यापुढं वाकायचं नाही!

आता हे वाकण्याचं प्रकरण समजून घ्या. पुस्तकात लिहिलंय, कुत्र्याजवळ जा, वाका, कान खाजवा. पुस्तक लिहिणारा पांढुर्ण्याला कधी आला नसावा. आमच्याकडं माणूस वाकला म्हणजे त्यानं गोटा उचलला! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं जाम नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं माणसांना गोटे मारतात. जिथं माणसं माणसांना सोडत नाहीत, तिथं कुत्र्यानं काय समजायचं?

पहिल्यांदा डॉक्टर पुस्तकाप्रमाणं वाकली, तेव्हा एक कुत्रा भिंतीवरून गेला, एक ऑटोखाली, एक पाण्याच्या टाक्यामागं. एकटाच जागेवर बसून राहिला. डॉक्टरनं त्याला मिठी मारली, मी पूर्ण मार्क दिले. मग कळलं, तो आंधळा होता!

बिस्किटं देऊन देऊन बाकीचे शिकले, की वाकणारा प्रत्येक माणूस गोटा उचलत नसतो. थानेदार शिकला नाही. बाकीचे पळायचे, हा पुढं यायचा. कमलाबाई त्याचं ताट बांबूनंच सरकवायची.

पहिल्या परीक्षेत सगळं उत्तम झालं. शेवटी गजाननाच्या चपलेचा अंगठा सुटला आणि तो वाकला. त्या दिवशी गजानन कमरेला दुपट्टा गुंडाळून घरी गेला. बायकोनं विचारलं, पँट कुठं आहे? तो म्हणाला, "अर्धी हाये."

दुसऱ्या परीक्षेला बँकेतले एक साहेब आले. अत्यंत सज्जन. त्यांना आम्ही खुर्चीवर बसवलं आणि बजावून सांगितलं, काहीही झालं तरी वाकू नका. साहेब दगडासारखे बसले. थानेदार जवळ गेला, पायाशी बसला, साहेबांनी डोकं थोपटलं. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी मार्क मांडायला घेतले. आणि साहेबांच्या खिशातला पेन पडला.

सवय हो, सवय! पुढच्या क्षणी साहेब खुर्चीवर उभे होते आणि त्यांच्या बाहीचं बटण थानेदाराच्या तोंडात होतं. साहेब सरळ झाल्यावर तोही शांत बसला.

"आता उतरू का?" साहेबांनी वरून विचारलं.

"उतरा सर," डॉक्टर म्हणाली. "फक्त वाकू नका."

न वाकता खुर्चीवरून उतरून बघा एकदा! मी जन्मभर गणित शिकवलं, हे मलाही सुटलं नाही. शेवटी गजाननानं साहेबांना विजेच्या खांबासारखं उभंच उचललं आणि जमिनीवर रोवलं.

दोनदा नापास. आता एकच संधी उरली होती. मी मुलांना कधी अर्धा मार्क वाढवून दिला नाही, पण थानेदाराला द्यावासा वाटत होता. तो गेटवर उभा राहून रस्त्याकडं बघायचा, तेव्हा मला मागच्या रांगेतली ती भिंत आठवायची.

*

आणि मग सुमनकाकू आल्या. सौसरच्या. मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता रिटायर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांना ऑटोतून उतरवायला गजानन आणि मी, असे दोघं लागलो.

डॉक्टरनं हात जोडून नमस्कार केला. काकूंनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं.

"आजकालच्या पोरी वाकत नाहीत," त्या मला म्हणाल्या. "माही सून नागपूरले एवढी मोठी नोकरी करते, पण उंबरठ्यात आल्याबरोबर वाकते. मंग मी गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्याइले बोलावतो. साऱ्यायच्या पाया पडते थे. संस्कार लागतात."

डॉक्टर घाईघाईनं वाकली. पाहुणे येणार म्हणून जाळीमागं ठेवलेला थानेदार असा काही गरजला की चहाचे कप हलले.

"हा कोण?" काकूंनी विचारलं.

"तो नाही काकू. दुसरे दाखवते."

"काहून? आवाज चांगला हाये. वर्ग सांभाळीन हा."

काकूंची अडचण अशी होती. मुलगा सुनील म्हणत होता, घरात एकटी राहू नकोस, नागपूरला फ्लॅटवर चल. काकूंना सौसर सोडायचं नव्हतं. "घरात कोणीतरी सोबत पाह्यजे म्हणते ना तो? म्हटलं, सोबतच आणतो!" आणि सोबत म्हणून त्यांना थानेदारच हवा होता. हेडमास्तरीण बाईंना नाही म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती. तिसरी परीक्षा त्यांच्याबरोबरच घ्यायची ठरली.

काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थानेदाराला आणलं. पिशवी हुंगली, चप्पल हुंगली. ताटाची टेस्ट पास, बबलीची पास. मग डॉक्टर काकूंकडं वळली.

"काकू, आता वाकायचं. हळू."

"कोणी?"

"तुम्ही."

"बाई," काकू म्हणाल्या, "जामसांवलीचा मारुती खाली निजून हाये, त्यालेबी मी उभ्यानंच हात जोडतो. देवानं चालवून घेतलं. तुमचा कुत्रा त्याच्याहून मोठा हाये का?"

थानेदार ताठ उभा होता. माणूस आला म्हणजे कधी ना कधी वाकणारच, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो काकूंच्या हातांकडं बघत राहिला, मग गुडघ्यांकडं. काहीच झालं नाही. काकू आपल्या उभ्या. शेवटी त्याची पाठ सैल झाली. तो जवळ आला आणि काकूंच्या साडीला अंग टेकून, लांब सुस्कारा सोडून बसला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू!

"सर, पण वाकायचं तर राहिलंच," डॉक्टर हळूच म्हणाली. "मार्क कसे द्यायचे?"

मी म्हटलं, "जो प्रश्न विचारताच येत नाही, त्याचे मार्क कापत नसतात."

डॉक्टर तरी डॉक्टरच. तिनं काकूंचीही परीक्षा घेतली. "घर कोण झाडतं?"

"मीच. लांब दांड्याचा झाडू हाये."

"ताट खाली कसं ठेवाल?"

"खाली कायले? स्टुलावर ठेवीन. मी टेबलावर जेवतो, थो स्टुलावर जेवीन."

"काही पडलं तर कोण उचलतं?"

"कोणीच नाही. पडलं थे पडलं."

"आणि पाहुणे?" डॉक्टरनं विचारलं. "काकू, याच्यासमोर कोणी वाकलेलं चालणार नाही. कोणीच नाही. म्हणजे तुमच्या पाया पडायलासुद्धा नाही."

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "दिवाळीलेबी नाही?"

"दिवाळीला तर अजिबात नाही."

"पाडव्याले?"

डॉक्टरनं मान हलवली. काकूंनी थानेदाराकडं पाहिलं. तो त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता. ज्या बाईपुढं सौसरच्या दोन पिढ्या वाकल्या, तिच्याकडं तुम्ही काय मागताय, हे डॉक्टरला कळत नसावं, पण मला कळत होतं.

"बरं," काकू म्हणाल्या. "आशीर्वाद उभ्यानंच देऊ."

*

थानेदार दिवाळीपर्यंत ट्रायलवर गेला. सुनीलनं फोनवर आईला स्पष्ट सांगितलं होतं, "चावरा कुत्रा घरात नको. मी दिवाळीला येतो. कुत्रा परत देऊ आणि तुला घेऊन जातो." म्हणजे थानेदाराला मागची रांग आणि काकूंना फ्लॅट.

काळजीनं डॉक्टर आणि मी चिवड्याचा डबा घेऊन गजाननाच्या ऑटोतून सौसरला गेलो. काकूंच्या घरात बघण्यासारखं होतं. जमिनीवर एक चमचा, दोन पेन, एक चष्म्याचं घर आणि देवघरापाशी गडगडलेली सुपारी. सगळं जिथल्या तिथं. आम्हीही वरून पाय टाकत गेलो आणि खुर्च्यांवर बसलो. स्टुलावर थानेदाराचं लखलखीत ताट.

तेवढ्यात सुनीलची गाडी आली. डॉक्टर सांगायला उठेपर्यंत तो दारात पोचलाही. हातातली बॅग ठेवली आणि "आई" म्हणून वाकायला लागला. थानेदार उठला.

"थांब!" काकू कडाडल्या.

सुनील अर्ध्यात थांबला. थानेदारही अर्ध्यात थांबला. मीसुद्धा, चिवड्याचा घास अर्ध्यात धरून थांबलो.

"तू सरळ हो," काकू मुलाला म्हणाल्या. मग कुत्र्याला म्हणाल्या, "अन तू बस."

दोघांनीही ऐकलं.

"आई, हे काय चालू हाये?" सुनीलचा चेहरा लाल झाला होता. "मी आपल्या मायच्या पाया पण पडू शकत नाही?"

"नाही."

"अन स्वातीनं काय करायचं?"

"तिनंबी नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्याइलेबी सांगून ठेवलं हाये. या घरात कोणी कोणाच्या पाया पडत नसते आता."

"बस झालं!" सुनील आमच्याकडं वळला. "डॉक्टर, तुम्ही आलेच आहात, तर याला आत्ताच घेऊन जा. आई, तू बॅग भर."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी चिवड्याचा डबा बंद केला. घर त्यांचं, आई त्यांची. गजानन दारापाशी पट्टा नुसताच गुंडाळत उभा होता. थानेदार काकूंच्या साडीला टेकून बसला होता.

सुनीलच्या मागं त्याची बायको स्वाती उभी होती. नागपूरपासून गाडीत बसून आलेली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सावरलेला, वाकायच्या तयारीत. तिनं सासूकडं पाहिलं. बाहेर गल्लीकडं पाहिलं, तिथं एकही म्हातारी नव्हती. मग तिनं पदर खांद्यावर सोडला, कंबर सरळ केली आणि थानेदाराकडं बघितलं.

"अहो," ती सुनीलला म्हणाली, "राहू द्या ना त्याले. किती संस्कारी हाये!"